भोईटेकाकूंचा फाल्गुन

भोईटेकाकू फोनवर कधी "हॅलो" म्हणत नसत. "काय झालं?" म्हणत. फोन दिवाळीच्या शुभेच्छांचा असो की सहज केलेला, पलीकडून आधी तोच प्रश्न यायचा. काही झालेलं नाही हे त्यांना पटवण्यात पहिलं मिनिट जायचं. पटलं की त्या जरा खट्टूच व्हायच्या. काही झालेलं नाही, म्हणजे जे व्हायचं ते अजून व्हायचंच आहे.

लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीचे सेक्टर संपतात तिथून पुढे कच्च्या रस्त्यानं आत गेलं की त्यांचा मळा होता. पाटीवर 'फुलवारी' असं लिहिलेलं, पण काकू मळाच म्हणायच्या. त्या मूळच्या फलटणच्या. भोईटेकाका हवाई दलात होते, शेवटची पोस्टिंग लखनौला झाली आणि निवृत्तीनंतर ते इथेच राहिले. काका चिनहटच्या एका कारखान्यात सुरक्षा पर्यवेक्षक झाले, सकाळी स्कूटर काढून जायचे ते संध्याकाळी यायचे. दिवसभर मळ्यावर काकू एकट्या. हिवाळी फुलांची रोपं तयार करून विकायची, आणि रविवारी लोकांचे घरगुती कार्यक्रम: मुंडन, वाढदिवस, डोहाळजेवण, इथल्या आम्हा मराठी लोकांपैकी कुणाचं बारसं. फुलांच्या वाफ्यांमध्ये सतरंज्या अंथरायच्या, नीमच्या सावलीत जेवण. गाव सोडून आलेल्या माणसांना मातीत पाय ठेवून पुरी खाण्याची केवढी भूक असते, ते मी तिथे पाहिलं.

माझे बाबा बँकेत, आणि बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या डब्यांपेक्षा जास्त होते. मी वाचायला शिकले तीही पत्रकांवरच. त्यामुळे मला मळा दिसायच्या आधी मळ्याच्या भोवतालचं दिसलं. चारी बाजूंनी प्लॉटिंग चाललेलं. आंब्याची बाग तोडायची आणि त्याच जागी उभ्या केलेल्या फाटकावर 'आम्रकुंज' लिहायचं. हे मला चोरीपेक्षा वाईट वाटतं. चोर निदान चोरलेल्या वस्तूचं नाव आपल्या दारावर लावत नाही.

काकूंना अशा मोठ्या वाक्यांचं काही नव्हतं. त्यांना पाल्याची, म्हणजे रात्रीत रोपं जाळणाऱ्या दहिवराची भीती होती. नीलगाईंची होती. माकडांची, पाहुण्यांच्या मुलांची आणि धुक्याची होती. जानेवारीत सकाळी धुकं इतकं दाट पडायचं की फाटकातून पहिला वाफाही दिसायचा नाही. काकू स्वेटरवर काकांचं जुनं जाकीट घालून तिथे उभ्या असायच्या. "दिसत नाहीये म्हणजे काहीतरी झालंय," म्हणायच्या. मग एकेका वाफ्यापाशी जाऊन, वाकून, हात लावून यायच्या. परत आल्यावर मी विचारायचे, "आहेत ना सगळी?"

"आहेत. आत्ता आहेत."

पण ही घाबरट बाई गिऱ्हाइकासमोर उभी राहिली की वेगळीच व्हायची. एकदा मार्चअखेरीला एक बाई मोठ्या गाडीतून उतरल्या. त्यांना फुललेल्या पिटुनियाच्या कुंड्या हव्या होत्या, घरी पूजा होती म्हणून. कुंड्या समोर होत्या, फुलांनी गच्च.

"नहीं दूँगी," काकू म्हणाल्या.

"क्यों? बिक गए हैं?"

"बिके नहीं हैं. अप्रैल नहीं देखेंगे ये. आप ले जाएँगी, पानी देंगी, और फिर सोचेंगी कि आपके हाथ से मर गए. सदाबहार ले जाइए. कोचिया ले जाइए. जून तक साथ देंगे."

"आंटी, आप पौधे बेचती हैं या रोकती हैं?"

"दोनों," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या बाल्कनीत ऊन कुठल्या बाजूनं येतं याची चौकशी सुरू केली. त्या बाई चिडून निघून गेल्या. गाडी वळेपर्यंत काकू तिच्याकडे बघत राहिल्या. "रागावली गं ती. आता सगळीकडे सांगणार. काहीतरी होणार बघ." पण कुंडी दिली नाही ती नाहीच. रोजच्या चाळीस भीतींच्या तळाशी त्यांचं हे एक ठाम होतं: ज्या रोपाचा हंगाम संपला ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही. मी तत्त्वनिष्ठ माणसांच्या भाषणांत वाढलेय. एवढी साधी, एवढी तोट्याची तत्त्वनिष्ठा मी त्या भाषणांत ऐकली नव्हती.

विनोद त्या करत नसत, तो त्यांच्याकडून व्हायचा. काकांनी एक पाटी रंगवून आणली होती: 'कृपया फूल तोड़ने की चेष्टा न करें'. एका बारशाला आलेले आमचे मराठी लोक ती वाचून हसायला लागले. "काकू, फुलांची चेष्टा कोण करतंय?"

"करतात की," काकू गंभीरपणे म्हणाल्या. "मागच्या रविवारी वाढदिवसाला प्लॅस्टिकची फुलं घेऊन आले होते. इथे, यांच्यासमोर लावली. चेष्टाच ना ती?"

जमीन त्यांची नव्हती. ती होती रामअवध बाबूजींची. बाबूजी त्याच गावचे जुने शेतकरी, उंच, वाकलेले, बारा महिने कानटोपी घालणारे. काकूंनी पहिल्यांदा त्यांच्या बांधावर झेंडू लावायची परवानगी मागितली तेव्हा ते म्हणाले होते, "पूरा खेत ही ले लो, बिटिया, लड़के तो हल पकड़ेंगे नहीं." तेव्हापासून दरसाल तोंडी करार. कागद नाही. बाबूजींच्या तीन मुलांना प्लॉट पाडायचे होते, सगळ्यात जास्त थोरल्याला. त्याला सगळे बड़े भैया म्हणत. तो मळ्यावर आला की जमिनीकडे न बघता रस्त्याकडे बघायचा, किती रुंद होईल ते.

मी पेटून एक पत्रक लिहिलं. 'शेती वाचवा, हिरवाई वाचवा' अशा मथळ्याचं, हिंदीत, बाबांच्या ओळखीच्या छापखान्यातून छापून आणलं आणि गठ्ठा काकूंपुढे ठेवला. त्यांनी सगळं वाचलं. कागद बोटांत चोळून पाहिला.

"चांगला जाड आहे गं."

पुढच्या आठवड्यात गेले तर माझ्या पत्रकांच्या पुड्या झालेल्या. आत फ्लॉक्सचं बी. बाबा हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पहिल्यांदा आपलं पत्रक लोक घरी घेऊन जातायत," म्हणाले.

"काकू, लढायला नको का?" मी विचारलं.

"बाबूजींशी?" त्यांनी विचारलं आणि पुढची पुडी बांधायला घेतली.

मग त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला बाबूजी स्वतः मळ्यावर आले. काठी टेकत, एकटे. म्हणाले, "फागुन बदी पंचमी को हमारे अस्सी पूरे हो रहे हैं. यहीं करेंगे. सबको बुलाऊँगा. फूलों के बीच बैठकर सबके सामने कह दूँगा कि इस खेत का क्या होना है. रोज-रोज की किचकिच खत्म."

काय सांगणार ते बोलले नाहीत. काकूंनी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून बाकीच्या सगळ्या भीती या एका भीतीच्या मागे रांगेत उभ्या राहिल्या. बहिणीकडून फलटणहून दरवर्षी येणारं मराठी कॅलेंडर होतं, त्यात त्यांनी फाल्गुन वद्य पंचमी शोधली. रंगपंचमी! "बघ, किती चांगला दिवस काढलाय त्यांनी." होळीनंतरचा पाचवा दिवस. लखनौचं ऊन तोवर चढायला लागतं, फुलं ओसरायला लागतात. तेव्हा त्या दिवशी मळा भरलेला हवा असेल तर सगळं उशिरा आणायला हवं. त्यांनी बी उशिरा टाकलं. आणि रोपं वाढू लागली तशी खुडणी सुरू केली. रोप लहान असताना शेंडा खुडला, आलेली पहिली कळी काढली, की ते चिडून चार फांद्या फोडतं आणि मग एकदम, उशिरा, भरभरून फुलतं. पिटुनिया, डेलिया, डॉग फ्लॉवर, फ्लॉक्स, प्रत्येक वाफ्यातली प्रत्येक कळी काकूंनी खुडली. संक्रांतीनंतर झेंडूही उपटला, त्याची पाळी संपली म्हणून. हिवाळाभर येणारे लोक विचारायचे, इस बार फूल नहीं? काकू म्हणायच्या, आएँगे, आएँगे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मळ्यावर होते. काकू डेलियाच्या वाफ्यात उकिडव्या बसून कळ्या काढत होत्या. बड़े भैयाची मोटारसायकल फाटकाशी थांबली.

"आंटी, टेंट वाला परसों सुबह आ जाएगा. बिजली का पॉइंट कहाँ से दें?"

"टेंट किसका?"

"अरे, बाबूजी का अस्सीवाँ! परसों पंचमी है न."

"पंचमी तो है, पर... फागुन की है न?"

"फागुन ही तो चल रहा है, आंटी."

काकू उभ्या राहिल्या. मुठीत खुडलेल्या कळ्या होत्या, त्या तशाच. "हमारे यहाँ तो अभी माघ है," त्या म्हणाल्या, इतक्या हळू की ते मलाच ऐकू आलं.

आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्ष आपल्याकडे महिन्याच्या शेवटी येतो आणि इथे सुरुवातीला. त्यांची फागुन बदी पंचमी शिवरात्रीच्या आधी, आपली फाल्गुन वद्य पंचमी होळीच्या नंतर. मध्ये अख्खा महिना. सण दोघांचेही एकाच दिवशी येतात, म्हणून हा फरक कधी जाणवत नाही. एक श्रावण तेवढा जाणवतो, शेजारणींचे सोमवार आपल्या आधी सुरू होतात. काकूंना इतकी वर्षं वाटायचं, ते त्यांच्या सावनाचंच काहीतरी वेगळं असतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या या बाईनं एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि ती होती भिंतीवरचं कॅलेंडर.

बड़े भैयानं मळ्यावरून नजर फिरवली. हिरवा, नुसता हिरवा. त्याला सगळं कळलं असावं. तो गोडपणे म्हणाला, "टेंशन मत लीजिए आंटी. किसी नर्सरी से दो-चार सौ गमले मँगवाकर मिट्टी में दबा दीजिए. सब यही करते हैं."

आणि काकू कुंड्या आणायला गेल्याही, हे मला सांगितलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी काकांनी रजा टाकली, टेम्पो ठरवला, दोघं शहरातल्या एका मोठ्या नर्सरीत गेले. टेम्पो रिकामाच परत आला. काका चहा ठेवायला गेले. काकू नीमखाली बसल्या.

"फुलं चांगली होती गं. पण ते विचारणार ना, बिटिया, ये तुमने बोए हैं? ते नेहमी विचारतात. मग मी काय हो म्हणू?" मग म्हणाल्या, "गेलं आता सगळं. माझ्या हातानं गेलं. एकेक कळी मोजून काढली मी."

पंचमीच्या दिवशी ऊन चांगलं पडलं. टेंट लागला, कढया चढल्या, लाल भोपळ्याची भाजी आणि पुऱ्यांचा वास पसरला. बाबूजींचं सगळं गोत आलं होतं. पोरी सजून आल्या होत्या, फोटो काढायचे म्हणून. फूल म्हणाल तर फक्त शेजारच्या शेतात होतं, सरसोंचं. सगळा मोर्चा कुंपण ओलांडून तिकडे गेला.

बड़े भैया पाहुण्यांच्या घोळक्यातून मोठ्यानं म्हणाला, "इस बार घास बहुत अच्छी हुई है, आंटी!" लोक हसले. मला त्याची कॉलर धरावीशी वाटली. काकू मात्र थेट बाबूजींच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"गलती मेरी है, बाबूजी. हमारे पंचांग में यह पंचमी अगले महीने है. मैंने फूल उसी दिन के लिए रोके हैं. कलियाँ मैंने खुद तोड़ीं."

बाबूजींनी कानटोपी कानावरून वर सरकवली. "मतलब, तुम लोगों का फागुन बाद में आता है?"

"आधा, बाबूजी. बदी वाला."

त्यांनी काठीच्या टोकानं जवळचं एक हिरवं रोप हलवून पाहिलं. मग म्हणाले, "तो तुम्हारे हिसाब से हम अभी उन्यासी के हैं?"

"जी."

"सुनो भाई!" म्हातारा एकदम खुलला. "बिटिया के हिसाब से हम एक महीना छोटे हैं. तो पूड़ी आज खाओ, बात उस दिन होगी."

बड़े भैयाचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी आनंदानं काकूंचा हात धरला. "महिनाभर," त्या म्हणाल्या. "अगं, महिनाभर काय काय होऊ शकतं."

झालंच. शिवरात्रीच्या सुमारास बाबूजींची छाती भरली, दवाखान्यात ठेवावं लागलं. त्याच दिवसांत गरमी अचानक वाढली आणि कळ्या भराभर उमलू लागल्या. काकूंनी हिरवी जाळी ताणली, सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. एकीकडे फुलांना सांगायचं, थांबा, आणि दुसरीकडे दवाखान्यात फोन करून विचारायचं, कसे आहेत. त्या दिवसांत त्यांना फोन केला की "काय झालं?"सुद्धा म्हणत नव्हत्या. नुसत्या श्वास रोखून ऐकायच्या.

रंगपंचमीला सगळं गोत पुन्हा जमलं आणि बाबूजी आले. गाडीतून, दोन नातवंडांच्या आधारानं. अर्धे झाले होते. आणि काहीतरी हरवलं होतं: बोलता बोलता शब्द सापडेनासा व्हायचा, मग हाताकडे बघत बसायचे. पण मळा! मी तसा मळा पुन्हा पाहिला नाही. गुलाबी, जांभळा, शेंदरी, पांढरा, पानं दिसेनाशी झालेली. बाबूजी लहान मुलासारखे हरखले. वाफ्यावाफ्यापाशी थांबून विचारायचे, "ये क्या है?" काकू सांगायच्या. "ये तुमने बोया?" "जी, बाबूजी." पुढच्या वाफ्याशी पुन्हा तेच.

मग ते खुर्चीत बसले. काकूंनी केलेली पुरणपोळी तुपाबरोबर खाल्ली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते फुलांकडे बघत होते. खेताबद्दल एक शब्द नाही. त्यांना त्या दिवशी काहीतरी सांगायचं होतं हेच ते विसरले होते, आणि हे हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येत होतं. काकूंच्याही.

बड़े भैया उठला. "चलें बाबूजी? धूप लग जाएगी."

मी काकूंच्या कानाशी म्हणाले, "विचारा ना. आत्ता." त्या मान हलवत राहिल्या, नको, नको. बाबूजी उठायला लागले, काठी शोधू लागले. काठी काकूंनीच उचलून त्यांच्या हातात दिली, आणि देता देता, सगळ्यांसमोर, ठणठणीत आवाजात त्यांनी विचारलं,

"बाबूजी, खेत का क्या करना है?"

"खेत?" ते गोंधळले. मुलाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, त्यांच्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहिलं. "खेत का क्या करना है, ये भी कोई पूछने की बात है? खड़ी तो तुम हो उसमें."

आणि निघाले.

हे वचन होतं की म्हाताऱ्याचं भाबडं वाक्य, हे ज्याचं त्यानं ठरवायचं होतं, आणि इतक्या पाहुण्यांसमोर बड़े भैयाला एकाच पद्धतीनं ठरवता येत होतं. गाडीत बसण्यापूर्वी तो परत आला. कडवटपणे नाही, थकून म्हणाला, "ठीक है आंटी. बाबूजी के रहते कोई हाथ नहीं लगाएगा."

मी जिंकल्यासारखी काकूंकडे वळले. त्या मात्र गाडीकडे बघत होत्या, पुटपुटत, "बाबूजी के रहते."

मी म्हटलं, लगेच कागद करून घ्या, वकील बघू, बाबा मदत करतील. त्यांनी ऐकून घेतलं. कागद झाला नाही. तोंडानं चाललेली गोष्ट आजारी माणसाच्या उशाशी कागद नेऊन संपवायची, हे त्यांना जमणारं नव्हतं. मला आजही वाटतं की त्यांनी ते करायला हवं होतं.

एप्रिलच्या शेवटी मला पुण्याला नोकरी लागली. चारबागहून संध्याकाळची गाडी होती, त्याआधी निरोप घ्यायला गेले. वाफे सुकले होते, काकूंनी बी धरायला ठेवलेली थोडी वाळकी रोपं तेवढी उभी. नीमखाली खुर्चीत बाबूजी बसले होते. "आता ते रोज सकाळपासून इथेच असतात," त्या दिवशी सुट्टी असलेले काका मला म्हणाले. "ही स्वतः जाऊन घेऊन येते." सावली सरकली की काकू येऊन खुर्ची सरकवायच्या. त्यांच्या खांद्यावरचा गमछा ओला करून डोक्यावर घालायच्या. लिंबाचं सरबत, मग औषध, मग पुन्हा सावली. बाबूजी कुरकुरत होते, "बैठने भी नहीं देती." हे सगळं मायेपोटी की जमिनीपोटी, ते मी त्या दुपारी ओळखू पाहत होते. मला वाटतं, ते वेगळं करणं त्यांनाही जमलं नसतं.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. पोचल्यावर कळव, स्टेशनवर बॅग सांभाळ, पाणी उघडं पिऊ नकोस. आणि मागून बाबूजी खोकले. कोरडा, लांबलेला खोकला. काकू माझा हात तसाच हातात धरून थबकल्या, मान तिकडे वळवून. खोकला थांबेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

मग माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कालच्यापेक्षा कमी आहे ना गं?"

कालचा मी ऐकलाच नव्हता.

"कमी आहे, काकू," मी म्हणाले.